चिपीचं विमान भरून जायचं, मग बंद का पडलं?

प्रश्न : आमचं गाव कुडाळजवळ. मुंबई-चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ) विमानाचं तिकीट गणपतीत मिळता मिळायचं नाही, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बंद झालं. प्रवासी होते तर परवडत का नव्हतं? आणि गोव्यातलं मोपा विमानतळ झाल्यावर चिपी हवंच कशाला, असं लोक म्हणतात ते खरं का?
– एक चाकरमानी, डोंबिवली

उत्तर : गाववाले, विमान भरलं म्हणजे परवडलं असं या रूटवर नसतं. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी सुरू झालं तेव्हा अलायन्स एअरचं हे विमान 'उडान' योजनेतलं होतं, म्हणजे साधारण निम्म्या सीट सरकारने बांधून दिलेल्या दरात विकायच्या आणि त्यात जी खोट येईल ती सरकार भरून देणार, पण तीनच वर्षं. आता २०२१ मध्ये तीन मिळवा. हा पैसा येतो कुठून, तर बराचसा मोठ्या शहरांमधल्या विमानांवर लावलेल्या आकारातून, म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा साहेब तुमच्या तिकिटात थोडी भर घालत होता म्हणा ना!

दुसरी गोम मुंबईत आहे. तिथले दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो आणि स्लॉट (विमानाला उतरायला-उडायला मिळणारी ठरलेली वेळ) म्हणजे सोनं. सत्तर सीटचं पंख्यावालं एटीआर जेवढा स्लॉट खातं तेवढाच एकशेऐंशी सीटचं एअरबस खातं, मग अनुदान संपल्यावर कंपनीने एटीआर कशाला उडवायचं? चिपीचा रनवे लहान म्हणून विमान येत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो चांगला अडीच किलोमीटरचा आहे.

मोप्याचं म्हणाल तर सावंतवाडीकराला ते जवळ पडतं, पण मालवण-कुडाळवाल्याने चिपीवरून पुढे गोव्यात उतरायचं आणि टॅक्सीला पैसे मोजत मागे यायचं, हा कुठला शहाणपणा? माझ्या मते राज्य सरकारनेच खोट भरून द्यावी, रस्त्यावर खर्च करतोच की, आणि विमान नवी मुंबईहून सोडावं. तुम्हा डोंबिवलीकरांना तर सांताक्रूझपेक्षा तेच बरं पडेल.