मार्क्सवादात सिद्धांत आधी की चळवळ आधी?

तुमचा प्रश्न असा आहे की मार्क्सवाद म्हणजे आधी सिद्धांत पक्का करायचा आणि मग लोकांत जाऊन लागू करायचा, असंच ना? आणि तसं असेल तर कमी शिकलेल्या कामगाराचं त्यात काय काम? मी कर्नाटकातल्या, सीमाभागातल्या निपाणीचा, विडी कामगारांच्या घरातला. त्या अनुभवातून सांगतो.

वरून 'लागू' करणं मार्क्सलाच मान्य नव्हतं. फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञावरची त्याची 1845 सालची टिपणं त्याचा साथीदार एंगल्सने पुढे 1888 मध्ये छापली. त्यातलं जग बदलण्याविषयीचं अकरावं टिपण सगळ्यांना पाठ असतं. मला दुसरं आणि तिसरं जास्त मोलाचं वाटतं. विचार खरा की खोटा हे व्यवहारात सिद्ध करावं लागतं, आणि शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं, असं त्यात आहे.

आता आमची आत्ती. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. भिजवलेलं पान साचा ठेवून कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळून दोरा. मजुरी दर हजार विड्यांमागे. माल द्यायला गेलं की तपासणारा चेकर मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढणार. त्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत. 'मेल्याला दयामाया नाही' म्हणत बायका घरी यायच्या. चेकर बदलला तरी तेच. मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (1867) नगावारी मजुरीवर एक प्रकरण आहे. दर्जा मालावरूनच तपासला जातो, म्हणून या पद्धतीत पैसे कापायला कायमची सोय होते. देखरेखीची फारशी गरज उरत नाही, घरबसल्या काम आणि मधली ठेकेदारी यांचा पायाही हीच मजुरी, असं तिथे लिहिलंय. दोष चेकरच्या स्वभावात नाही, मजुरीच्या रीतीत आहे, हे मला नुसत्या अनुभवाने उमगलं नसतं. सिद्धांत लागतो तो यासाठी.

पण घरोघर विखुरलेल्या बायका पुस्तकाने एकत्र येत नाहीत. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं, तरी ओळखपत्रासाठी, प्रॉव्हिडंट फंडासाठी झगडणं सुटलं नाही. संध्याकाळी बैठक ठेवली तर कोणी येणार नाही, कारण ती चुलीची वेळ. भाषेचा प्रश्न कामगार वर्गाच्या प्रश्नापुढे दुय्यम, असं इथे सांगून बघा! मराठी बाईच्या हातात कन्नड अर्ज येतो तेव्हा तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तिचा हक्क त्या वाचणाऱ्यावर अवलंबून राहतो. हे ज्या कार्यकर्त्याने पाहिलं नाही त्याचा वर्गविचार मला अर्धवट वाटतो, मग त्याने कितीही ग्रंथ वाचलेले असोत.

अनुभव बघून विचार दुरुस्त करणं, मार्क्सनेही हेच केलं. 1871 चं पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसमधली कामगारांची सत्ता, दोन महिन्यांच्या आसपास टिकलं, आणि 1872 मध्ये कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या प्रस्तावनेत त्याने व एंगल्सने मान्य केलं की त्यातला काही भाग कालबाह्य झालाय. कम्यूनने दाखवलं होतं की तयार राज्ययंत्रणा कामगारांना नुसती ताब्यात घेऊन चालवता येणार नाही.

म्हणून कामगाराचं काम काय, तर उत्तरं देणं आणि उलट विचारणंही. 1880 मध्ये मार्क्सने फ्रान्समधल्या कामगारांसाठी शंभरेक प्रश्नांची यादी केली. नगावर मजुरी असेल तर मालाच्या दर्जाचं निमित्त करून पैसे कापतात का, हाही त्यात एक प्रश्न आहे. तुमच्या भागात गट असेल तर ती यादी मराठीत करून घ्या, चार जणींसमोर मोठ्याने वाचा, आणि त्या बोलायला लागल्या की लिहून घ्या.