'आम्ही ग्रेड एट दिली' म्हणजे नक्की कोणी दिली?

पुण्याहून एका बाबांचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. थोडक्यात सांगायचं तर मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्स झालंय, सीईटी पण देऊन ठेवलीय, पियानोची एबीआरएसएमची (ब्रिटिश संगीत परीक्षा बोर्ड) ग्रेड एट, म्हणजे सगळ्यात वरची, डिस्टिंक्शनमध्ये. ऑगस्टमध्ये तिच्या टीचरनी सीनियर मुलांची एक संध्याकाळ ठेवलीय, फक्त बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं युरोपियन संगीत, प्रत्येकाला तीस मिनिटं. टीचर म्हणतात बाखचा फ्रेंच सुईट नंबर पाच घे आणि स्कार्लाटीच्या दोन सोनाटा घे. बाबांना हे फारच 'सेफ' वाटतंय. त्यांची यादी अशी: बाखचा इटालियन कॉन्चेर्टो, त्याचीच क्रोमॅटिक फँटसी अँड फ्यूग, हँडेलची जी मेजरमधली शकोन आणि शेवटी धमाका म्हणून स्कार्लाटीची सोनाटा के १४१ (के म्हणजे सोनाटांच्या यादीतला नंबर). याचा व्हिडिओ करून तोच परदेशी कॉलेजांना पाठवायचा. प्रश्न एकच, "यातलं कुठलं कॉम्बिनेशन जास्त स्ट्राँग पडेल?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पीसेससाठी आणि दुसऱ्यांदा 'आम्ही' मोजायला. आम्ही ग्रेड एट दिली, आम्ही रोज चार तास बसतो, आमचा डावा हात जरा वीक आहे. आता आपल्याकडे आईबाप 'यंदा आमची दहावी आहे' असं म्हणतातच, मी पण म्हटलंय, त्यात वाईट हेतू नसतो हे मला कळतं. पण चार पानांत तुमची मुलगी स्वतः एकदाच बोलते, आणि ते पण तुम्ही कंसात टाकलंय, की तिला रामो या फ्रेंच संगीतकाराचं ते पक्ष्यांचं पीस वाजवायचंय पण ते दोन पानांचं आहे, सोपं आहे, त्याने इम्प्रेशन पडणार नाही. बास, कंस बंद. पुढच्या ओळीत परत एक्सेल शीट.

कंसावर येतोच. आधी मनगट.

तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय की महिनाभर तिचं उजवं मनगट दुखतंय, स्प्रे मारून बसतो, रिसायटल झाल्यावर दाखवू. नाही. या आठवड्यात दाखवा, ऑर्थोपेडिककडे, आणि जमलं तर हाताचं काम बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे, आणि ते सांगत नाहीत तोपर्यंत चार तास बिलकुल बंद. जर्मन संगीतकार शुमानचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्याला आधी पियानिस्टच व्हायचं होतं, विशीतच उजवा हात बिघडला आणि ते राहूनच गेलं, नेमकं कशाने बिघडला यावर अजून वाद घालतात लोक पण हात गेला तो गेलाच. आणि तुम्ही त्या मनगटासाठी निवडलंय काय तर के १४१, ज्यात उजव्या हाताने एकच सूर बोटं बदलत बदलत सतत ठोकायचा असतो. तुम्ही पियानिस्ट मार्था आर्गेरिचचा व्हिडिओ बघून भारावून गेलात, मी पण गेलो होतो. पण तुम्हीच लिहिलंय की घरी डिजिटल पियानो आहे, त्यात की पुरेशी वर आल्याशिवाय तोच सूर परत वाजत नाही, मग ती काय करत असेल, आणखी जोर लावत असेल. दुखणार नाही तर काय होईल.

आणि ते टेम्पोचं. तुमच्याच शीटप्रमाणे तुमची यादी चाळीस मिनिटांच्या जवळ जाते आणि त्यावर तुमचा उपाय असा की सगळे रिपीट, म्हणजे तोच भाग दुसऱ्यांदा वाजवणं, काढायचे आणि मेट्रोनोम आठ-दहाने वर न्यायचा की तीसमध्ये बसतं. अहो, कर्जत फास्ट पकडायची नाहीये. तुम्ही रोज तिच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसता हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि मला त्याचंच टेन्शन आलं. सतराव्या वर्षी मूल चुकतं, थांबतं, चार बार उगाच परत परत वाजवतं कारण ते ऐकायला छान वाटतात, आणि या टाइमपासमधूनच पीस त्याचं होत जातं. शेजारी घड्याळ चालू असताना ते कोणी करेल का? मी स्वतः ग्रेड फाइव्हला पियानो सोडलेला माणूस आहे, का सोडला ते इथे लिहीत बसत नाही, पण शेजारी खुर्ची होती एवढं सांगतो.

आता तुमचा एक गैरसमज, ज्यावर ही सगळी यादी उभी आहे. तुम्ही लिहिलंय, बरोक स्कोअरिंग असतं, एक्स्प्रेशनचा प्रश्न येत नाही, नोट्स क्लीन आल्या की झालं. म्हणजे दहावीला संस्कृत घेतात तसं. हे बरोबर उलटं आहे. ही पीसेस बहुतेक हार्पसिकॉर्ड डोक्यात ठेवून लिहिलेली, पियानो तेव्हा नुकता जन्माला आला होता, क्रिस्टोफोरीने फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या आसपास बनवला. हार्पसिकॉर्डमध्ये की दाबली की आत एक बारीक नखासारखं असतं ते तार छेडतं, हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. मग त्या लोकांनी भाव आणायचा कुठून? तर वेळेतून. कुठला सूर किंचित उशिरा द्यायचा, कुठला आधीच तोडायचा, कुठे श्वास घ्यायचा, कुठे मुरकी घ्यायची. फ्रेंच संगीतकार कूपरँने १७१६ मध्ये हार्पसिकॉर्ड कसं वाजवावं यावर पुस्तक काढलं त्यात या सूर अडवून धरण्याच्या आणि तोडण्याच्या खुणांना वेगळी नावं देऊन समजावलंय. बाखने १७२३ मध्ये इन्व्हेन्शन्स या छोट्या पीसेसच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय की हे गाता येईल अशा ढंगाने वाजवायला शिकण्यासाठी आहे, आणि आपल्याकडे त्याच इन्व्हेन्शन्स बोटांचा व्यायाम म्हणून वाजवून घेतात. छापील पानावर हळू-जोरात फारसं लिहिलेलंच नसतं याचा अर्थ ते करायचं नसतं असा नाही, तर ते वाजवणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि जिने सगळं बाबांच्या शीटवरून उचललंय ती काय ठरवणार. लपायला पेडलचा धूर पण नसतो इथे. सगळ्यात कमी स्कोअरिंग काही असेल तर हेच.

दुसरं म्हणजे अवघडपणाची बेरीज होत नाही. तुमच्या यादीतली पीसेस एकेक घेतली तर दणदणीत आहेत, प्रश्नच नाही. पण एकापाठोपाठ ऐकून बघा. क्रोमॅटिक फँटसीची स्वरपट्टी डी मायनर, के १४१ ची पण डी मायनर, आणि इटालियन कॉन्चेर्टो म्हणायला एफ मेजर पण त्याची मधली संथ मूव्हमेंट परत डी मायनरच. मारवा झाला की लगेच पूरिया कोणी गाईल का, स्वर तेच असताना? गाणारा तयारीचा असला तरी ऐकणारा म्हणेल झालं की हे आत्ताच. शिवाय चारातली तीन पीसेस 'बघा मी काय करू शकते' असंच म्हणतात, मध्ये कोणी गप्पच बसत नाही, इटालियनचा तो संथ भाग सोडला तर.

आता टीचरची यादी घ्या आणि त्यात तो कंस उघडून पक्षी आत सोडा. बाखचा सुईट जी मेजरमध्ये. रामोचं 'पक्ष्यांची हाक' ई मायनरमध्ये, म्हणजे जी मेजरचं अगदी सख्खं मायनर, दोन्हीला एकच शार्प. आणि टीचरनी स्कार्लाटीच्या सुचवल्यात त्या के ३८० आणि ३८१, दोन्ही ई मेजर. म्हणजे जीवरून ई मायनर, तिथून ई मेजर, एकेक पायरी, कानाला कुठे झटका नाही आणि कंटाळा पण नाही. बाखचा सुईट म्हणजे नाचांची माळ, सात नाच, त्यातली साराबांद संथ आणि शेवटची जीग धावती. रामो फ्रेंच, त्याच्यात दोन हात एकमेकांना हाका मारतात. स्कार्लाटीची ३८० ऐटीत चालते, लांबून मिरवणूक येतेय आणि शिंगं वाजतायत असं वाटतं, आणि ३८१ चपळ. या सोनाटा हस्तलिखितांत बऱ्याचदा अशा जोडीनेच सापडतात हे अमेरिकन हार्पसिकॉर्डवादक कर्कपॅट्रिकने १९५३ च्या पुस्तकात दाखवलं, के म्हणजे त्याचंच नाव. सगळे रिपीट धरून अठ्ठावीसच्या आसपास बसेल. मी असतो तर स्कार्लाटी आधी, मध्ये पक्षी आणि शेवटी सुईट ठेवला असता कारण त्या जीगनंतर काही वाजवू नये असं माझं मत, टीचरचं उलट असेल तर टीचरचं ऐका. किंवा तिला दोन्ही क्रमाने वाजवून बघू दे आणि तिलाच विचारा.

(जाता जाता एक गंमत. बाख, हँडेल आणि स्कार्लाटी तिघांचा जन्म १६८५ चा. आणि स्कार्लाटी ज्या राजकन्येला शिकवायचा ती पोर्तुगालच्या राजाची मुलगी, पुढे स्पेनची राणी झाली, तिच्यासोबत तो पण गेला, आणि त्याच्या साडेपाचशेच्या वर सोनाटांमधल्या पहिल्या तीस छापल्या तेव्हा अर्पण केल्या तिच्या वडिलांना, पाचव्या जुआंवला. छापील साल १७३८. पुढच्याच वर्षी चिमाजी अप्पांनी याच राजाच्या हातातून वसई घेतली. तिला सांगा हे, बाख म्हणजे कुठल्यातरी वेगळ्या ग्रहावरचं वाटतं मुलांना.)

रामोचं पीस सोपं नाहीये बरं का. पानं मोजून पीस तोलू नका. त्यात इतके कमी सूर आहेत की प्रत्येक मुरकी उघडी पडते, आणि हार्पसिकॉर्डच्या हलक्या कीवर जे सहज होतं ते पियानोच्या जड कीवर तितकंच हलकं काढायला बोट खरंच तयार लागतं. ज्या मुलीला १७२४ मधलं ते पीस स्वतःहून शोधून वाजवावंसं वाटतं तिच्या कानाबद्दल मला तुमच्या डिस्टिंक्शनपेक्षा जास्त कळलं.

व्हिडिओचं सांगतो. परदेशातल्या बहुतेक म्युझिक कॉलेजांना वेगवेगळ्या काळातली पीसेस हवी असतात, साधारण बाखचं प्रील्यूड-फ्यूग, एखादी हायडन-मोझार्ट-बेथोवनची सोनाटा, एक रोमँटिक, कुठेकुठे एत्यूद, म्हणजे तंत्राची कसोटी लावणारं पीस. नुसतं बरोक अर्धा तास त्यांना चालणार नाही, कितीही स्ट्राँग कॉम्बिनेशन असलं तरी. म्हणजे तुम्ही ज्यासाठी एवढा आटापिटा करताय ते काम ही संध्याकाळ करणारच नाहीये, मग ती तिची तिला राहू दे ना. बाकी एआरएसएम, एटीसीएल वगैरे डिप्लोमे तुम्हाला माहितीच आहेत, ब्रिटनला यूकॅस कन्झर्व्हेटॉयर्स या अर्ज करायच्या यंत्रणेतून ऑक्टोबरच्या सुरुवातीची डेडलाइन, जर्मनीत थिअरी आणि कान दोन्ही कडक तपासतात. आणि स्पष्ट बोलायचं तर आपल्याकडे नुसत्या क्लासिकल कार्यक्रमांवर पियानोवाल्याचं घर चालत नाही, बहुतेक जण शिकवतात, साथ करतात, रेकॉर्डिंगची कामं घेतात. ते आयुष्य वाईट नाही, पण ते कसं असतं हे तिने तिच्या टीचरकडून समजून घ्यावं, तुमच्याकडून नको.

म्हणून करिअरबद्दल मी तुम्हाला काहीच सांगत नाहीये. तिला इंजिनियरिंग करायचंय, पियानो करायचाय की दोन्ही सोडून तिसरंच, हे चार पानांत कुठेही नाहीये. तिला मला स्वतः मेल करू दे, दोन ओळी पुरेत, आणि प्लीज पाठवायच्या आधी वाचू नका.

रिपीट मात्र काढू नका. दुसऱ्या वेळी तेच वाजवायचं नसतं, मुखडा परत घेताना गाणारा हरकत बदलतो तसं तिथे स्वतःचं काहीतरी घालायचं असतं, पक्ष्यांच्या पीसमध्ये तर नक्कीच. आणि ऑगस्टची हवा आहे, दमटपणाने लाकूड फुगतं, की चिकटतात, तेव्हा आदल्या आठवड्यात तिला हॉलमधल्या पियानोवर तासभर एकटीला बसू द्या. तुम्ही खाली चहा घ्या.