नवरा मारतो आणि वर ‘येड्याच्या डॉक्टरला दाखव’ म्हणतो. जावं का?

ताई, जा. पण त्याला सोबत नेऊ नका.

केसपेपर निघाला की ‘बाई वेडी आहे, लेकरं हिला देऊ नका’ असं कोर्टात म्हणतील, ही तुमची भीती मला पाठ आहे. याच भीतीनं मी केज तालुक्यातल्या सासरी तीन वर्षं झोपेविना काढली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नुसता आजार निघाला म्हणून कुणी वेडं ठरत नाही. ते कोर्टानंच ठरवावं लागतं.

पहिल्यांदा मी नवऱ्याबरोबरच गेले, खाजगी दवाखान्यात. सगळं तोच बोलला: चिडते, जेवत नाही. मला झोपेच्या गोळ्या मिळाल्या. गोळी घेतली की मार खाताना मी ओरडायचेही नाही. आत्याबाई, म्हणजे सासू, म्हणाल्या, गुण आला.

दुसऱ्यांदा पंचमीला माहेरी आले, तेव्हा आईनं लातूरला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईलाही बाहेर बसवलं आणि विचारलं, “घरी कुणाची भीती वाटते का?” मी बोलत गेले, त्या लिहीत गेल्या: कोण मारतं, कशानं, कधीपासून. तोच कागद पुढं कामी आला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही धरलाय. आधी तक्रार केली नसली, तरी दवाखान्यानं घटनेचा अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडं, म्हणजे याच कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, पाठवायचा असतो. हे दवाखान्यातच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, तुम्ही मागा.

उपचारानं मार थांबला नाही, खोटं कशाला सांगू. झोप लागली, डोकं जाग्यावर आलं, आणि वकिलासमोर तारखा सांगता आल्या. नवऱ्यालाही व्यसनमुक्तीला पाठवलं होतं. दारू सहा महिने बंद होती, मार चालूच होता.

समुपदेशनाला मात्र जपून. मला एकीनं विचारलं, “भाकरी वेळेवर देत होतीस का?” खरं तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांत आहे की मारल्याचं समर्थन नवऱ्याला समुपदेशनात करताच येत नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मी मान खाली घालून बसले.

जाणं जमत नसेल तर टेली-मानसला, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. महिलांसाठी १८१, जिवावर बेतलं तर ११२. फोन झाला की नंबर पुसून टाका.

आणि केसपेपर सासरी ठेवू नका. माझा आईच्या ज्वारीच्या कणगीत होता.