नोकरी सांभाळून समाजसेवा करायची आहे, पण ती नुसती फोटोपुरती नको. सुरुवात कशी करू?

तुम्हाला नोकरीत जे काम येतं त्यातलंच एक निवडा आणि सुरू करण्याआधी संस्थेला विचारा की नक्की काय हवंय. मी एका संस्थेचे हिशोब बघतो, तिथे भिंती रंगवायला भरपूर जण येतात पण पावत्या तारखेप्रमाणे लावून द्यायला कोणी नसतं आणि ऑडिट अडतं ते तिथेच. रक्तदानाचंही तसंच, साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ ते ७, त्यामुळे एकाच दिवशी झुंबड होण्यापेक्षा ठरलेल्या अंतराने जाणारा माणूस जास्त कामाचा. फक्त वेळ खरंच निघेल तेवढाच कबूल करा, मुलांना शिकवणार असाल तर हे जास्तच पाळा, कारण मध्येच येणं बंद केलं की त्यांना ते फार लागतं.