दुसऱ्या महायुद्धात एका छोट्या एस्कॉर्ट (राखणदार) जहाजाने दोन मोठ्या जपानी जहाजांना हरवलं होतं, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, फक्त ‘हरवलं’ हा शब्द मला खटकतो. दोनपैकी एक बुडालं, दुसरं धडधाकट निघून गेलं. आणि जे बुडालं ते कुणाच्या गोळ्याने, हा वाद अजून मिटलेला नाही.

तुम्ही विचारताय ती ‘बेंगाल’ची गोष्ट. रॉयल इंडियन नेव्हीची, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या भारतीय नौदलाची कॉर्व्हेट (छोटी युद्धनौका), वजन ६५० टन, लांबी १८६ फूट, वेग जेमतेम १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर). ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात या जातीच्या ६० नौका बांधल्या, त्यातल्या चार आपल्या वाट्याला आल्या: बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. बेंगाल सिडनीच्या कॉकाटू बेटावर बांधली गेली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्सन. तिच्यावर मोठी म्हणावी अशी तोफ एकच, ७६ मिलिमीटरची. बाकीच्या विमानं पाडण्यासाठीच्या छोट्या तोफा.

ही कोरी करकरीत बोट ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाली होती. सोबत ‘ओंडिना’ हा डच टँकर (तेलवाहू जहाज). काफिला म्हटलं की आपल्याला चाळीस-पन्नास जहाजं दिसतात. इथे काफिला म्हणजे एक राखणदार आणि एक गिऱ्हाईक. मी मर्चंट नेव्हीत टँकरवर होतो. एडनच्या आखातात चाच्यांचा सुळसुळाट होता, तेव्हा आम्हीही नौदलाच्या सोबतीने जायचो. सगळ्यात संथ जहाजाचा वेग तोच सगळ्यांचा वेग. पहाटेच्या पहाऱ्याला ब्रिजवरून (जहाज चालवायच्या खोलीतून) ती राखाडी बोट दिसली की हायसं वाटायचं. ती दिसेनाशी झाली की चहा घशाखाली उतरत नसे. ओंडिनाचा वेग १२ नॉट होता, म्हणजे बेंगालही तेवढ्याच चालीने रांगत असणार.

११ नोव्हेंबर १९४२. कोकोस बेटांच्या नैऋत्येला, भर हिंदी महासागरात, दुपारच्या सुमारास दोन जहाजं दिसली: ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’. मूळची प्रवासी बोटी, प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर. जपान्यांनी त्यांच्यावर १४० मिमीच्या तोफा आणि टॉर्पेडो चढवले होते. त्या वर्षी हिंदी महासागरात त्यांनी मित्रराष्ट्रांची व्यापारी जहाजं पकडलीही होती आणि बुडवलीही होती. दोघींचा वेग २० नॉटच्या वर, त्यामुळे पळून जायचा प्रश्नच नव्हता.

विल्सनने ओंडिनाला निसटायचा इशारा दिला आणि बेंगालचं तोंड सरळ होकोकू मारूकडे वळवलं. माझ्या मते खरी लढाई एवढीच. एस्कॉर्टचं काम शत्रूला बुडवणं नसतंच, शत्रू आणि टँकर यांच्या मध्ये येणं हे काम. त्यात थोडा हिशोबही आहे: समोरून येणारी बोट अरुंद दिसते, तिच्यावर नेम धरणं अवघड. पण त्यासाठी १४० मिमीच्या तोफांच्या दिशेने स्वतःची बोट हाकावी लागते.

ओंडिनाने सांगितलेलं ऐकलं नाही, हेही नशीबच. तिच्या मागच्या डेकवर एक चार इंची (सुमारे १०० मिमीची) तोफ होती आणि गोळे अवघे ३२. थोड्याच वेळात होकोकू मारूच्या मागच्या भागात गोळा बसला, आग भडकली, मोठा स्फोट झाला आणि ती बुडाली. आपल्याकडे श्रेय बेंगालला देतात, डच ओंडिनाला. ओंडिनाची तोफ मोठी होती, म्हणून माझा कल डचांकडे आहे. कुणाला राग आला तर येवो.

गोळे संपत आल्यावर बेंगाल आडोशासाठी धूर सोडत निघून गेली. गोळे बसूनही तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. विल्सनला वाटलं की ओंडिना गेलीच, आणि पुढे तसंच कळवलं गेलं.

ओंडिनाची मात्र खरी परीक्षा आता होती. तिचे कप्तान होर्समन ब्रिजवरच मारले गेले. दारूगोळा संपला, खलाशी होड्यांत उतरले. आयकोकू मारूने टँकरला टॉर्पेडो मारले, होड्यांवर मशीनगन चालवली, मग होकोकूवरची माणसं उचलली आणि टँकर बुडतोयच असं समजून ती निघून गेली. पण ओंडिना तेल आणायला निघाली होती, टाक्या रिकाम्या होत्या. रिकामा टँकर हवाबंद डब्यांच्या रांगेसारखा असतो. दोन-चार फुटले तरी बाकीचे त्याला तरंगत ठेवतात. होड्यांतली माणसं परत वर चढली. त्यांनी आग विझवली, इंजिन सुरू केलं आणि एका बाजूला कललेलं जहाज उलट फ्रीमँटलकडे वळवलं.

जखमींसाठी डॉक्टर हवा होता. सांकेतिक पुस्तकं समुद्रात टाकून दिलेली, म्हणून त्यांनी साध्या भाषेत वायरलेसवर मदत मागितली. किनाऱ्यावरून उत्तर आलं नाही. ओंडिना बुडाल्याचं तिथे आधीच कळलेलं, तेव्हा हा जपान्यांचा सापळा असणार असं त्यांनी धरलं. १८ नोव्हेंबरला ती स्वतःच्याच इंजिनावर बंदरापाशी येऊन उभी राहिली.