लहान मुलांना घेऊन मेलबर्नला येताय? आधी दोन नावं शोधा

तुमचा प्रश्न वाचला आणि नऊ वर्षांपूर्वीचे आमचे दिवस आठवले. पीआर (ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा व्हिसा) आलाय, जानेवारीत मेलबर्नला यायचंय, मोठा साडेपाच वर्षांचा, धाकटी नुकतीच तीनची, आणि तुम्ही विचारताय की दोघांनी लगेच नोकरी धरावी का, मुलं रुळतील का, सासूबाईंना सोबतच आणावं का. मुलं रुळतात हो, ती काळजी सगळ्यात शेवटी करा. आपल्यालाच जास्त वेळ लागतो.

आम्ही आलो तेव्हा मुलगी पावणेतीन वर्षांची होती. डेकेअरचा फॉर्म भरताना एका ठिकाणी लिहिलेलं, आईवडील सोडून दोन माणसांची नावं द्या, आमचा फोन लागला नाही तर मुलीला घ्यायला कोण येईल त्यांची. डोंबिवलीत असते तर खालच्या मजल्यावरच्या काकूंपासून सुरुवात करून पाठकोरा कागद मागितला असता. इथे पेन धरून बसून राहिले. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं नाव टाकलं, तो आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर लांब राहायचा, आणि दुसरी ओळ कोरीच ठेवली. घर, गाडी, फर्निचर हे वर्षभरात झालं, ती दुसरी ओळ भरायला मात्र दीड वर्ष लागलं, आणि आमचे जे काय हाल झाले ते सगळे त्या दीड वर्षातले.

कारण पहिला हिवाळा, इथे तो जून ते ऑगस्ट. कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. जूनमध्ये मुलीचं नाक वाहायला लागलं ते सप्टेंबरात थांबलं. सर्दी, कान दुखणं, मग जुलाब, मग परत सर्दी. जुलाब झाले की शेवटच्या जुलाबानंतर किमान चोवीस तास डेकेअरमध्ये पाठवायचं नाही असा नियम असतो, म्हणजे तुमचे दोन दिवस गेलेच. अकरा वाजता फोन येतो, ताप आलाय, घेऊन जा. इथे पर्मनंट फुलटाइम नोकरीत वर्षाला दहा दिवस आजारपणाची भरपगारी रजा मिळते, ती तुमच्या स्वतःच्या आणि मुलांच्या आजारपणाला मिळून, आणि ती एकदम हातात येत नाही, काम करत जाल तशी साठते. नवरा फेब्रुवारीत लागला, जुलैत त्याच्याकडे जेमतेम चार दिवस. मी कॅज्युअल, म्हणजे तासाला २५ टक्के जास्त पैसे पण रजा बिनपगारीच, आणि चार वेळा 'आज येऊ शकत नाही' कळवलं की पाचव्या आठवड्यात रोस्टरवर आपलं नावच नसतं. शिवाय मूल घरी असलं तरी डेकेअरचे त्या दिवसाचे पैसे द्यायचेच. डेकेअरच्या फीवरची सरकारी सबसिडी वर्षात ४२ गैरहजर दिवसांना मिळते, पण आपला वाटा कुठे जात नाही.

म्हणून माझं मत, दोघांनी एकदम फुलटाइम नको, निदान पहिला ऑगस्ट संपेपर्यंत तरी. एकाने पार्टटाइम किंवा घरून करता येईल असं काही बघावं. ते बाईनेच करावं असं मी म्हणत नाहीये, ज्याला नोकरी उशिरा मिळेल त्याने करावं. (आमच्याकडे मीच केलं आणि त्यावरून भांडणंही झाली, तो वेगळा विषय.)

डेकेअरच्या खर्चाचं म्हणाल तर पीआर असल्याने चाइल्ड केअर सबसिडी पहिल्या दिवसापासून लागू होते, अर्ज सेंटरलिंककडे, म्हणजे सरकारी मदतीच्या ऑफिसकडे. जानेवारी २०२६ पासून आईबाप किती काम करतात हे न बघता पंधरवड्याला किमान ७२ तासांपर्यंत धरतात, आमच्या वेळी हे नव्हतं. टक्केवारी मात्र कुटुंबाच्या उत्पन्नावर. धाकटीला तीन वर्षांच्या मुलांचं किंडर, म्हणजे बालवाडी, मिळेल, व्हिक्टोरियात ते फुकट आहे पण आठवड्याला १५ तासांपर्यंतच, त्याच्या भरवशावर नोकरी धरू नका. नोंदणी बऱ्याच ठिकाणी कौन्सिलकडे (म्हणजे नगरपालिकेकडे) असते आणि आदल्या वर्षीच सुरू होते, तेव्हा तिथूनच ईमेल टाका.

मोठा प्रेपमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात जाईल. ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण असले की त्या वर्षी प्रेप, आणि वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं. तिकडे जूनमध्ये पहिलीत गेला असता म्हणून वर्ष वाया गेलं असं आजीआजोबा म्हणतील, म्हणू दे. सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, त्यामुळे आधी शाळेचा झोन बघा आणि मग भाड्याचं घर, आम्ही उलटं केलं आणि वर्षात परत सामान हलवलं.

डब्याचं एक. डबा गार खायचा असतो, कोणी गरम करून देत नाही, आणि बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणू नका सांगतात कारण कुणाला तरी जोरदार ॲलर्जी असते. आता आपल्याकडे कूट कशात नसतं? मी पहिल्याच आठवड्यात काकडीची कोशिंबीर दिली होती, बाईंनी डब्यासकट परत पाठवली. वर मुलीने घरी येऊन मलाच सुनावलं. पोळीचा रोल, इडली, भाताचं काही, हे चालतं. आणि उन्हाळ्याच्या टर्ममध्ये टोपी विसरला तर मैदानात खेळायला मिळत नाही, सावलीत बसवतात, त्यामुळे टोपी दोन घ्या.

लसीकरणाचं कार्ड मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, कार्गोत नको. इथल्या डॉक्टरकडे ते ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरमध्ये चढवून घ्यावं लागतं, राहिलेल्या लसी देतात, आणि त्याचं स्टेटमेंट असल्याशिवाय डेकेअर-किंडर सहसा घेतच नाहीत. आमचे यात तीन आठवडे गेले.

सासूबाईंचं. आणाच, पण पहिल्या हिवाळ्यात नको आणि मुलं सांभाळायला म्हणून तर नकोच. माझ्या सासूबाई मे महिन्यात आल्या, घर गार, बाहेर साडेपाचच्या सुमारास अंधार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आम्ही दिवसभर बाहेर. तीन आठवड्यांनी त्या टीव्हीशी बोलायला लागल्या, खोटं नाही सांगत. पुढच्या वेळी नोव्हेंबरात आल्या तर चार महिने छान राहिल्या, नातीला सुट्टी, नऊपर्यंत उजेड. फक्त त्यांना दमा असेल तर पंप बरोबर ठेवा, इथे ऑक्टोबर ते डिसेंबर गवताच्या परागांचा त्रास असतो, २०१६ च्या नोव्हेंबरात तर वादळाने दम्याची अशी लाट आली की माणसं दगावली होती. आणि व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य योजना) नाही, इन्शुरन्स घेऊनच आणा. फोनवर आजी भेटणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. मुलं साडेसातला झोपायच्या वेळी तिकडे इथल्या उन्हाळ्यात दुपारचे दोन आणि इथल्या हिवाळ्यात तीन, म्हणजे नेमकी आजीची वामकुक्षी.

आता ती दुसरी ओळ. मला वाटलं होतं मराठी मंडळात जाऊ, गणपतीला ओळखी होतील, झालं. ओळखी झाल्या, खूप चांगली माणसं, आजही आहेत. पण आम्ही पॉइंट कुकला आणि जिच्याशी सगळ्यात जास्त जमलं ती ग्लेन वेव्हर्लीला, अख्खं शहर ओलांडून. सकाळी अकराला ताप आलेल्या मुलीला ती काय आणणार. मला जी सापडली ती श्रीलंकेची, लायब्ररीतल्या मंगळवारच्या स्टोरीटाइमला भेटायची, दोन गल्ल्या सोडून घर. आठ-दहा मंगळवार आम्ही फक्त हवेबद्दल बोललो. मग एक दिवस तिनेच लाजत विचारलं, माझ्या फॉर्मवर तुझं नाव टाकलं तर चालेल का, दुसरं बाळ होणारे, इथे कोणी नाही. मी घरी येऊन रडले. तेव्हा स्टोरीटाइम, प्लेग्रुप, शाळेच्या फाटकाशी उभं राहणं, यात लाजू नका, भाषा बघू नका, अंतर बघा. आणि नुसतं नाव लिहून भागत नाही, सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत सीट लागतेच, म्हणून आम्ही एक जुनी जास्तीची सीट एकमेकींच्या गॅरेजमध्ये ठेवली होती.

घर कुठल्या सबर्बात बघताय ते कळवा. पॉइंट कुक, टारनीट, वेरिबी असं काही असेल तर एका ओळीत माझं नाव घाला, मी बुधवार सोडून घरून काम करते आणि सीट अजून गॅरेजमध्येच आहे.