अहिराणी गाणी नोटेशनमध्ये टाईप करताना शब्द तोडायला एक डॅश की दोन?

खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्य स्वरलेखनात उतरवताय आणि एकेका सुराखाली एकेक तुकडा यावा म्हणून शब्द तोडायला कुठली पद्धत धरू असं विचारलंय, तर भाऊ माझं मत लिलीपॉन्डच्या (टाईप केलेल्या मजकुरावरून नोटेशन छापणारं सॉफ्टवेअर) बाजूनं. दोन डॅश, दोन्हीकडे स्पेस सोडून: कान -- बा -- ई. एबीसीत (साध्या इंग्रजी अक्षरांत सूर टाईप करायची पद्धत) एकाच डॅशवर काम भागतं, कान-बा-ई, टायपिंग वाचतं हे खरं, पण आपल्याकडच्या गाण्यांत सासू-सासरे, भाऊ-बहीण असले जोडशब्द पावलोपावली, तिथला डॅश शब्दाचाच असतो आणि तो छापून यायलाच पाहिजे. लिलीपॉन्डमध्ये अक्षराला चिकटलेला एक डॅश जसाच्या तसा छापतो आणि सुटे दोन म्हणजे तोड, सा -- सू- सास -- रे. तोडीचा डॅश जागा नसली की लिलीपॉन्ड स्वतःच गाळतो, शब्दातल्या डॅशला हात लावत नाही. फक्त स्पेस विसरू नका, कान--बा असं चिकटवलं की ते अख्खं एका सुराखाली जाऊन बसतं आणि पुढचं सगळं गाणं एक सूर अलीकडे सरकतं, मग शोधत बसा.

खरी डोकेदुखी तोडायचं कुठं ही आहे. ते कानानं ठरवा, लिहिलेल्या अक्षरांवरून नको. बोलताना कान-बा-ई तीनच तुकडे, पण गाणारी बाई ‘न’ हे अक्षर लांबवत असेल तर का -- न -- बा -- ई चार करावे लागतात. जोडाक्षर मात्र कधीच फोडू नका. रस्त्यानं म्हणताना स् आधीच्या र ला चिकटतो म्हणून रस् -- त्या -- नं लिहाल तर छापात पाय मोडका स दिसेल आणि वाचणारा अडखळेल, त्यापेक्षा र -- स्त्या -- नं बरं.

अजून एक, भातखंडे पद्धतीत (हिंदुस्थानी संगीताची स्वरलिपी) सूर लांबवायला आडवी रेघ आणि बोल लांबवायला ऽ लिहायची सवय असते, ती इथं सोडा. शब्दाचं शेवटचं अक्षर बऱ्याच सुरांवर ओढलं असेल तर त्याच्यापुढे स्पेस देऊन दोन अंडरस्कोर, ई __ असं.

दोन-चारच गाणी असतील तर म्यूझस्कोर (स्क्रीनवर थेट सूर मांडायचं सॉफ्टवेअर) घ्या, सुरावर जाऊन शब्द टाकायला कंट्रोल एल दाबा, डॅश मारला की कर्सर पुढच्या सुरावर. पण कानबाईच्या गाण्याला एकाच चालीवर कडव्यांवर कडवी असतात, तिथं लिलीपॉन्डमध्ये चाल एकदाच लिहून प्रत्येक कडव्याचे शब्द वेगळे खाली देता येतात, आणि बायकांनी ऐनवेळी ओळ बदलून सांगितली तरी सुरांना हात लावावा लागत नाही.